अकरावा मुद्दा

मनुका थंड पाण्यात भिजत घालायच्या नाहीत. पाणी चांगलं गरम हवं, बोट घातलं तर लगेच मागे घ्यावंसं वाटेल इतकं. मनुका काळ्या, बियांच्या. सकाळी आठला भिजवल्या की बारापर्यंत टम्म फुगतात. मग मंद आचेवर अर्धा तास. निवल्या की हाताने कुस्करायच्या, मिक्सरला लावायच्या नाहीत, कारण बिया फुटल्या की रस कडवट होतो. मलमलीतून दोनदा गाळायचं. साखर घालायची नाही.

या सूचना माझ्या नाहीत. माझ्या स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसलेल्या, पायात मोजे आणि डोक्याला मफलर बांधलेल्या पंच्याहत्तर वर्षांच्या बाईच्या आहेत. ही माझी शांतामावशी, आईची धाकटी बहीण. हा रस आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला लागतो, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, भाकरीच्या तुकड्यासोबत. मी एकदा आळस करून बाटलीतला विकत आणला होता. उपासनेनंतर तिघांनी वेगवेगळं येऊन विचारलं की आज खोकल्याचं औषध का होतं. तेव्हापासून पुन्हा पातेलं.

यंदा डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी पातेलं चढवलं, पहिली वाफ आली, आणि मी एकोणीस वर्षांची झाले. असलं काही मी सहसा लिहीत नाही. पण झालं खरं.

त्या हिवाळ्यात पत्रेवाली मंडळी आमच्याकडे राहायला आली होती. मंडळी म्हणजे आमच्या बोलीत एका चर्चची माणसं. नागपुरात एकाच रस्त्यावर, दहा मिनिटांच्या अंतरावर दोन चर्च. आमचं जुन्या काळ्या दगडाचं, म्हणून आम्ही दगडी मंडळी. त्यांचं टिनाचं, म्हणून ते पत्रेवाले. कागदोपत्री दोघांनाही लांबलचक नावं होती, ती फक्त लेटरहेडवर असत. त्या वर्षी त्यांनी पत्रे काढून स्लॅब टाकायला घेतला आणि चार महिन्यांसाठी आमची जागा मागितली. आठला त्यांची उपासना, दहाला आमची. मधल्या अर्ध्या तासात अंगणात सगळी खिचडी व्हायची. ते निघताहेत, आम्ही येतोय, स्वेटरं, शाली, "सलाम, सलाम", त्यांचा ढोलक बाहेर, आमची गीतपुस्तकं आत, आणि चपलांच्या ढिगात दोन्ही मंडळ्यांचं मतैक्य इतकं की माझी एक चप्पल कायमची तिकडे गेली.

बाकी मतैक्य नव्हतं. म्हणजे फरक तसा एकच होता. आमच्याकडे तान्ह्या मुलाच्या डोक्यावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा देतात. मोठं झाल्यावर ते मूल मंडळीसमोर आपला विश्वास कबूल करतं, त्याला दृढीकरण म्हणतात. त्यांच्याकडे मोठ्या माणसालाच बाप्तिस्मा, तोही हौदात पूर्ण बुडवून. शिंपडलेलं पाणी त्यांच्या लेखी नुसतं पाणी. आणि बाप्तिस्मा नसलेल्याला प्रभुभोजन नाही, हे दोन्हीकडे सारखं.

या एका फरकावर शांतामावशी तेव्हा वीस वर्षं बसून होती. ती जन्मली आमच्याकडे, तिच्यावर पाणी शिंपडलं आमच्याकडे, सोळाव्या वर्षी दृढीकरणही आमच्याकडे. बाविसाव्या वर्षी लग्न होऊन ती पत्रेवाल्यांकडे गेली. दानिएल मावसाजींच्या लोकांनी तिला प्रेमाने सांगितलं, बाई, हौदात उतर. ती म्हणाली, "माझा झालेला आहे. दुसऱ्यांदा काहून घेऊ?" त्यांनी पुन्हा सांगितलं. तिने पुन्हा तेच सांगितलं. दोन्ही बाजू सभ्य होत्या, त्यामुळे भांडण झालं नाही. फक्त तिला प्याला मिळाला नाही.

आई तिला म्हणायची, "पहिल्या रविवारी आपल्याकडे येत जा नं वं. इथं तुले कोण अडवते?" मावशी म्हणायची, "रोज जेवायले माहेरी जाते त्या बाईले नांदते म्हणत नाईत."

त्या डिसेंबरात मी एकदा त्यांच्या आठच्या उपासनेला बसले. त्यांच्यात लोक पुढे जात नाहीत. छोट्या पेल्यांचा ट्रे बाकावरून हातोहात फिरतो. ट्रे घेऊन यायचे दानिएल मावसाजी. बाकाच्या टोकाला ट्रे दिला, पहिल्या बाईने पेला उचलला, दुसरीने उचलला, मग तो मावशीकडे आला. तिने दोन्ही हातांनी ट्रे धरला, थेंब न सांडता, आणि पलीकडच्या बाईला दिला. ट्रे तिच्या हातात होता तेवढा वेळ मावसाजी समोरच्या भिंतीकडे बघत होते. भिंतीवर काही नव्हतं. एक पाल होती, तीही थंडीने गारठलेली.

आणि गंमत अशी की तो रस तिच्याच हातचा. लग्न झाल्यापासून पत्रेवाल्यांचा रस तीच करायची, कारण सासूने शिकवला आणि दुसऱ्या कुणाला तो जमत नव्हता. पण ती तो चाखायची नाही. चमच्याला लागलेला थेंबही नाही. त्या हिवाळ्यात दर महिन्याचा रस आमच्याच घरी व्हायचा, आई आणि मावशी मिळून, एका पातेल्यात दोन्ही मंडळ्यांचा. चाखायचं काम माझं. मावशी चमचा पुढे करायची, "सांग वं, कसा झाला?" मी म्हणायची गोड. ती म्हणायची, "गोड मनुका असतातच. पाणी जास्त झालं का ते सांग." मग दोन बाटल्या भरायच्या. आमच्या बाटलीच्या मानेला लाल दोरा बांधायचा, त्यांची बिनदोऱ्याची.

हे चाललेलं असताना बाहेर व्हरांड्यात कमिटी बसलेली असायची. कमिटी बाबांची कल्पना. बाबा पोस्टात होते आणि आमच्या मंडळीत वडील, म्हणजे पाळकाच्या खालोखाल बोलणारे. त्यांचं म्हणणं, दोन मंडळ्या एका छपराखाली आल्याच आहेत, तर डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी एकच उपासना आणि एकच प्रभुभोजन करू. पत्रेवाल्यांचे मेश्राम पाळक म्हणाले, करू, पण आधी आपण एकच गोष्ट मानतो का ते बघू. बाबांना ते पटलं. माझ्या बाबांना कागद असला की सगळं पटायचं. त्यांनी फुलस्केपवर अकरा मुद्दे काढले, कार्बन लावून दोन प्रती. दर शनिवारी अकराला चार माणसं बसायची, दोन्हीकडची दोन-दोन, आणि मध्ये संत्र्यांची टोपली.

कोणत्या मुद्द्यावर किती वाद झाला हे मला सालींवरून कळायचं. देव एक आणि तीन व्यक्तींमध्ये, यावर दोन संत्री. पवित्र शास्त्राचा अधिकार, तीन. तारण कृपेने, दीड. उरलेलं अर्धं मेश्राम पाळकांनी मला दिलं. पाचव्या मुद्द्यावर, म्हणजे भाकर आणि प्याला यांचा नेमका अर्थ काय यावर, अख्खी टोपली संपली आणि बाबा उठून अंगणात दोन चकरा मारून आले. एकदा आईने चहा देताना म्हटलं, "तुम्ही इथं एक मेज होते का नाही ते पाहून राहिले, आत एकाच पातेल्यातून दोन बाटल्या भरून झाल्या."

बाबा म्हणाले, "रस एक असला म्हणून अर्थ एक होत नाही."

"ते खरं. पण गॅस एकच लागला," आई म्हणाली आणि कप गोळा करून आत आली.

मला तेव्हा ही सगळी माणसं वेळ घालवतात असं वाटायचं. माझी फर्स्ट इयरची सहामाही तोंडावर होती आणि बाहेर हे लोक एका शब्दावर तासभर अडायचे. मग एका दुपारी बाबा आईला म्हणताना ऐकलं, "मला पत्रेवाल्यांशी एक होऊन काय करायचंय? शांताला प्याला मिळावा, एवढंच आहे." तेव्हा मला तो कागद कशासाठी आहे ते कळलं. त्यानंतर मी साली न सांगता उचलायला लागले.

दहा मुद्दे पाच शनिवारांत झाले. अकरावा बाप्तिस्मा. त्यावर कुणी भांडलं नाही, हे जास्त वाईट होतं. दोघांनाही ठाऊक होतं की कुणी हलणार नाही. शेवटी बाबांनी पोस्टातली सगळी वर्षं पणाला लावून एक वाक्य तयार केलं. मावशी चहाचा ट्रे घेऊन व्हरांड्यात आली तेव्हा ते तेच वाचत होते. "बाप्तिस्म्याच्या पद्धतीविषयी दोन्ही मंडळ्या परस्परांच्या भावनांचा यथोचित आदर राखतील."

मेश्राम पाळक म्हणाले, "चालेल." त्यांचा चेहराही सैलावला.

मावशी ट्रे घेऊन तशीच उभी. "भाऊजी, आदर राखतील म्हंजे काय करतील?"

"म्हणजे... आदर राखतील."

"रविवारी प्याला माझ्या हातात ठेवतील का नाई?"

बाबा म्हणाले, "त्या रविवारी ठेवतील. कुणी विचारणार नाही."

"आणि पुढच्या?"

मावशीने ट्रे टेबलावर ठेवला, पदराला हात पुसले आणि पाळकांकडे वळली. "पाळकसाहेब, तुम्ही सांगा. माझा बाप्तिस्मा झाला का नाई झाला?"

मेश्राम पाळक उंच, हाडकुळे, भाषणात हात न हलवणारे. ते बराच वेळ संत्र्याच्या फोडीवरच्या शिरा काढत राहिले. मग म्हणाले, "बाई, माझ्या समजुतीप्रमाणे नाही झाला."

"बरं. भाऊजी, तुमच्या?"

"झाला," बाबा म्हणाले. जरा जोरातच.

"मंग कागदावर हेच लिहा नं. वीस वर्षं मी काही तरी खरं आहे म्हणून बसून राहिली. तुम्ही ते एका वाक्यात विरघळवून टाकता, मंग मी इतकी वर्षं कशावर बसून होती?" आणि चहाकडे बोट दाखवून, "घ्या, निवून राहिला."

दानिएल मावसाजी तिथेच होते, कमिटीत चौथे. त्यांनी कप उचलला, बशीत ओतला आणि बशीकडेच बघत राहिले. अकराव्या मुद्द्यासमोर बाबांनी लिहिलं, "मतैक्य झाले नाही." त्यांनी आणि मेश्राम पाळकांनी सह्या केल्या. शेवटच्या रविवारी आठला त्यांची उपासना झाली, दहाला आमची. बाटल्या दोन. ट्रे मावशीच्या हातातून पुढे गेला.

बाबा तिच्याशी आठवडाभर नीट बोलले नाहीत. मग ती करंज्यांचा डबा घेऊन आली.

"रागावले का भाऊजी?"

"माझी पाच आठवड्यांची मेहनत तू पाण्यात घातलीस."

"पाण्यात त्यांनी मले घालाले पाह्यलं, वीस वर्षं. मी गेली का? तुमची मेहनतही नाई जाणार."

बाबा हसले. करंजी घेतली. सारण कमी आहे म्हणाले.

त्यानंतर मी एकतेचे पुष्कळ कार्यक्रम पाहिले. आमच्या कमिटीची सेक्रेटरी म्हणून मला जावंच लागतं. पाच मंडळ्यांचे पाळक एका मेणबत्तीला हात लावतात, फोटो होतो, केक कापला जातो. केक चांगला असतो. पण शेजारी बसलेला माणूस काय मानतो हे मी त्याला विचारत नाही, तोही मला विचारत नाही, आणि घरी परतताना आम्हाला एकमेकांचं नावही आठवत नाही. व्हरांड्यातल्या त्या चौघांना एकमेकांचं सगळं माहीत होतं. कोण कुठे अडतो, का अडतो, आणि अडल्यावर किती संत्री खातो. ज्या माणसाने तुमचा प्रत्येक शब्द उलटून पाहिला आणि तरीही पुढच्या शनिवारी आला, त्याला काय म्हणायचं? कागदावर आमचं जमलं नव्हतं. तरी कमिटी संपल्यावरही मेश्राम पाळक शनिवारी अकराला यायचे. स्लॅब झाला, ते आपल्या जागी गेले, तरी यायचे. बाबा असेपर्यंत आले. बाबा गेले तेव्हा आमच्या पाळकांची प्रार्थना झाल्यावर ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "आता त्यांना कळलं असेल अकराव्या मुद्द्यात बरोबर कोण होतं." आणि जाता जाता, "माझं बरोबर निघालं असेल तर पठ्ठ्या कळवायचा नाही."

आता तेही नाहीत, आईही नाही. बाबांच्या कपाटातला फुलस्केप माझ्याकडे आहे. घडीवर फाटलाय, मी चिकटपट्टी लावली आहे.

यंदा पाळी आमच्यावर आली. दगडी चर्चच्या छपराच्या लाकडाला वाळवी लागली. पावसाळ्यानंतर एक वासा चक्क हाताने चुरला. आम्ही त्यांचा हॉल मागितला. आता पत्रेवाल्यांकडे चांगला स्लॅब आणि पंखे आहेत. आमच्यातले तरुण म्हणाले, वेगळ्या वेळा कशाला, एकच उपासना करू, एकच प्रभुभोजन, आजकाल कोण बघतं? मीही म्हटलं, सोयीचं आहे. वीज वाचेल. आणि शहराच्या टोकाला, बेसाला, मावशीला फोन केला. आता ती आणि मावसाजी तिकडे मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतात.

"बाप्तिस्म्याचं काय ठरलं?" तिने विचारलं.

"ठरायचं काय? सगळ्यांना बोलावलंय."

"काही न ठरवता बोलावलं? मंग ते जेवण आहे का भंडारा?"

मी फोन ठेवला आणि कपाट उघडलं. फुलस्केपची झेरॉक्स काढून त्यांच्या नव्या पाळकांना दिली. ते वयाने माझ्यापेक्षा लहान आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा चिकट निघाले. कार्बनची दुसरी प्रत त्यांच्या दप्तरात होतीच. ते म्हणाले, आम्हाला वेळ द्या. मी म्हटलं, वाळवी वेळ देत नाही. त्यांनी हॉल लगेच दिला, वेगळ्या वेळेला, आणि मुद्द्यावर मात्र आठ आठवडे घेतले. मध्ये एकदा त्यांनी आम्हाला विचारलं, तुमच्याकडे दृढीकरणाला मूल स्वतः उत्तर देतं, की सगळी मिळून एका सुरात "हो" म्हणतात? आमची कमिटी खाली बघायला लागली. अलीकडे एका सुरातच म्हणत होती. वेळ वाचतो. मावशीच्या वर्षी ती एकटीच होती, तिने एकटीने उत्तर दिलं होतं. आम्ही लिहून दिलं की यापुढे प्रत्येक मूल एकटं उभं राहील. आमच्या पाळकांना ते लिहिताना घाम आला, पण लिहिलं.

मग त्यांच्या कमिटीचं पत्र आलं. मी स्कूटर काढली आणि बेसाला गेले. मावशी बाल्कनीत उन्हाला बसली होती, मावसाजी शेजारी पेपर वाचत. मी पत्र वाचलं. "ज्यांचा बाप्तिस्मा बालपणी झाला व ज्यांनी पुढे मंडळीसमोर स्वतःच्या तोंडाने आपला विश्वास कबूल केला, त्यांचा बाप्तिस्मा झाला आहे असे आम्ही मानतो. त्यांस प्रभुभोजनास आडकाठी राहणार नाही. आम्ही स्वतः पूर्वीप्रमाणे प्रौढांसच व बुडवूनच बाप्तिस्मा देऊ. बाजूने नऊ, विरुद्ध दोन."

"पुन्हा वाच. 'झाला आहे' तिथून."

मी पुन्हा वाचलं.

"विरुद्ध कोण?"

नावं खाली लिहिलेली होती. मी पेपरच्या दिशेने बघितलं. पेपर खाली आला नाही.

"तुम्ही?" मावशी म्हणाली. "त्रेपन्न वर्षं एका घरात राहून तुम्ही माह्याविरुद्ध हात वर केला?"

"तुह्याविरुद्ध नाई," पेपरमागून आवाज आला. "मुद्द्याविरुद्ध. मले अजूनही पटत नाई. पटत नाई तर हात कसा खाली ठेवू?"

मला वाटलं आता काहीतरी फुटणार. मावशी मात्र हसायला लागली, तोंडाला पदर लावून, खांदे हलेपर्यंत. "मंग कागद खरा आहे वं," ती मला म्हणाली. "ह्यांनी मायेपोटी हो म्हटलं असतं, तर मी पुन्हा बसून राहिली असती."

पेपर आता खाली आला होता. "ट्रे मी आणीन," मावसाजी म्हणाले. "हात थरथरतात म्हणून ते पोरं आजकाल देत नाईत. पण उद्या-परवा जाऊन सांगतो. तो ट्रे मीच आणीन. ठरलं ते ठरलं."

"सांडाल," मावशी म्हणाली.

"सांडू दे."

म्हणून ती आज माझ्याकडे मुक्कामाला आली आहे; उपासना सकाळी आहे आणि बेसा लांब. मावसाजी पुढच्या खोलीत आहेत. मघाशी चहा द्यायला गेले तर रिकामा ट्रे दोन्ही हातांत धरून दिवाणापासून दारापर्यंत चालून बघत होते. मी कप ठेवून परत आले.

रस दोनदा गाळून झाला. पातेल्यात चांगला गडद उतरला आहे. यंदा बाटली एकच, म्हणून लाल दोरा ड्रॉवरमध्येच राहिला. मी सवयीने एक चमचा भरला आणि तोंडाकडे नेता नेता थांबले. चाखायचं काम तेहेतीस वर्षं माझ्याकडे आहे, आणि खरं सांगायचं तर पाणी जास्त झालं का ते मला अजूनही कळत नाही. मी चमचा मावशीपुढे धरला.

"घे, तूच सांग. आता चालतं की तुला."

तिने चमच्यातला रंग पाहिला. वास घेतला. माझं मनगट धरून चमचा हळूच मागे सारला, थेंब न सांडता.

"आज नाई," ती म्हणाली. "उद्या."